इंटरनेटवरचं भन्नाट काहीबाही गोळा करणाऱ्या लायब्ररीयनला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लायब्ररीत काम करते आणि जरा वेळ मिळाला की इंटरनेटवर जुनंपुराणं उकरत बसते. त्यातून जे सापडतं त्याची अधूनमधून एक यादी करते आणि मागेल त्याला देते. हस्तलिखितं, नकाशे, कुणीतरी कुठेतरी स्कॅन करून ठेवलेली आणि मग सगळे विसरून गेलेली गंमत, असलं सगळं. यादी वाचून लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकते. प्रश्नांना क्रम काही लावलेला नाही, दिवसभर क्रमच लावत असते, इथे तरी सुट्टी द्या.

लायब्ररीयनला हे असले उद्योग कशाला? पुस्तकं द्या-घ्या, झालं की

अहो, देणं-घेणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे लोक येऊन वाट्टेल ते विचारतात त्याचं उत्तर शोधून देणं, आणि हे गूगलच्या कितीतरी आधीपासून चाललंय. 2014 मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतल्या लोकांना एक जुनी पेटी सापडली, आत कार्डंच कार्डं, आणि त्यांच्यावर 1940 ते 1980 च्या दशकांत वाचकांनी विचारलेले अतरंगी प्रश्न टाइप केलेले. म्हणजे स्टाफमधलं कुणीतरी वर्षानुवर्षं हे प्रश्न बाजूला काढून ठेवत होतं, स्वतःच्या करमणुकीसाठीच असणार, दुसरं काय. लायब्ररीने ते इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात केली आणि लोक तुटून पडले. घरी ऑक्टोपस पाळता येतो का? पापणीच्या केसाचं आयुष्य किती? हत्ती मागे लागल्याचं स्वप्न पडलं तर त्याचा अर्थ काय? उंदराला उलटी होते का? (नाही होत. विचारालच म्हणून सांगून ठेवते.) 1976 मधलं एक कार्ड माझं लाडकं आहे: अठराव्या शतकातल्या इंग्लिश चित्रांमध्ये इतक्या खारी का असतात, आणि त्या चित्रकाराला चावू नयेत म्हणून त्यांना माणसाळवायचे कसे?

पण सगळ्यात भारी ते तिकिटाचं. एकाने विचारलं की अमेरिकन पोस्टाच्या तिकिटाची जाडी गोंदासकट किती. लायब्ररीतून सांगितलं, हे पटकन नाही सांगता येणार, तुम्ही पोस्ट ऑफिसला का नाही विचारत? तर पलीकडून उत्तर, अहो हे पोस्ट ऑफिसच आहे.

तेव्हा असली गंमत जपून ठेवायची खोड माझी एकटीची नाही, या धंद्यातच आहे.

हे तुम्हाला सापडतं कुठे? मी सर्च केलं तर तेच ते येतं

कारण तुम्ही सगळ्या इंटरनेटला एकदम विचारता, आणि सगळं इंटरनेट सगळ्यांना जे आवडतं तेच पुढे करतं. मी एखाद्या संग्रहाच्या आत जाऊन शोधते. मोठ्या लायब्रऱ्या आणि म्युझियम यांच्या वेबसाइटवर त्यांचा स्वतःचा एक सर्चबॉक्स असतो, दिसायला बहुतेक वेळा अगदी टुकार, पण खजिना त्याच्याच मागे असतो. शिवाय जुनी पुस्तकं आणि वेबपानं जपून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह आहे, प्राणी-वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आहे, फ्लिकरवर कॉमन्स नावाचा विभाग आहे जो 2008 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसबरोबर सुरू झाला.

दुसरी युक्ती म्हणजे रटाळ शब्द वापरायचे. ‘मजेशीर जुनं चित्र’ असं टाकलं तर काही हाती लागणार नाही कारण कुठल्याही कॅटलॉगरने आयुष्यात कधी ‘मजेशीर’ अशी नोंद केलेली नाही. त्याने लिहिलेलं असतं ‘मार्जिनेलिया’ (म्हणजे समासातली चित्रं-टिपणं), किंवा ‘ट्रेड कॅटलॉग’, किंवा नुसतंच ‘संकीर्ण’. संकीर्ण दिसलं की मी आधी तिथे घुसते. कॅटलॉगरला जे कुठल्याच खणात बसवता आलं नाही ते सगळं तिथे टाकलेलं असतं, आणि ते कुठेच बसत नव्हतं म्हणजेच ते बघण्यासारखं आहे.

आणि कधीकधी लायब्ररीलाच माहीत नसतं आपल्याकडे काय आहे. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर 2013 मध्ये फ्लिकरवर दहा लाखांवर चित्रं टाकली, सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतून कॉम्प्युटरने आपोआप कापून काढलेली. कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरचं ते माहीत, पण चित्रात काय आहे ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. मग लोकांनी बसून टॅग लावले, हा नकाशा, ही दाढीवाली व्यक्ती, ही सायकल. रात्री झोप येत नसेल तर उघडू नका, सकाळ होईल.

आजवरचं सगळ्यात हसवणारं काय?

एआ-नासिर. यावर माझं मत बदलणार नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक छोटी पाटी आहे, हातात मावेल एवढी, दोन्ही बाजूंनी क्युनिफॉर्म लिपीत गच्च लिहिलेली, इसवी सन पूर्व 1750 च्या सुमाराची, आजच्या इराकमधल्या उर या शहरातली. आता इतकी जुनी पाटी म्हटल्यावर आपल्याला वाटतं राजाचं फर्मान असेल, देवाची स्तुती असेल. तर ती आहे गिऱ्हाइकाची तक्रार. नन्नी नावाच्या माणसाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला झापलंय: चांगला माल देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढे भिकार माल ठेवलास, वर त्याला म्हणालास की घ्यायचं तर घे नाहीतर चालू लाग. मला समजतोस कोण? माझी माणसं शत्रूच्या मुलखातून पैसे मागायला आली आणि तू त्यांना रिकाम्या हाताने परत धाडलंस. यापुढे माल मी स्वतः निवडून घेणार, माझ्या अंगणात, एकेक नग बघून.

आता यातली खरी मजा पुढे आहे. उत्खननात हे ज्या घरात सापडलं ते बहुतेक एआ-नासिरचंच घर असावं असं मानतात, आणि तिथे त्याच्या नावाने आलेल्या आणखीही तक्रारी सापडल्या. म्हणजे गड्याने त्या ठेवून दिल्या होत्या! रागाने की अभिमानाने की नुसत्याच पडून राहिल्या, कोण सांगणार. गिनीजवाल्यांनी ही जगातली सगळ्यात जुनी ग्राहक तक्रार म्हणून नोंदवलीये, आणि इंटरनेटवर एआ-नासिरचे मीम्स इतके आहेत की पावणेचार हजार वर्षांनंतर त्याची जेवढी बदनामी झाली तेवढी त्याच्या हयातीतही झाली नसेल.

यादीत इतकी मांजरं का असतात?

इंटरनेट आहे हो. पण माझी मांजरं जुनी आहेत, निदान एवढं तरी मान्य करा.

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकच्या पुराभिलेखागारात पंधराव्या शतकातली एक वही आहे, तिच्या उघड्या पानांवर शाईत बुडालेल्या पंज्यांचे चक्क ठसे उमटलेत, मांजर शाईच्या दौतीतून चालत आलं आणि सरळ पानावरून गेलं. एमिर फिलिपोविच नावाचे इतिहासकार तिथे काम करत असताना त्यांच्या नजरेला ते पडले, त्यांनी फोटो काढून ठेवला, पुढे तो ट्विटरवर गेला आणि जगभर फिरला. त्याच्याही वरचा किस्सा नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरच्या नकलनविसाचा, साधारण 1420 च्या आसपासचा. बिचारा रात्री हस्तलिखित उघडं ठेवून झोपला, आणि मांजराने पानावर कार्यक्रम उरकला. सकाळी त्याने काय करावं? उरलेलं पान कोरं सोडलं, डागाकडे बोट दाखवणारे हात काढले, शेजारी मांजराचं चित्र काढलं, आणि लॅटिनमध्ये त्या मांजराला शिव्याशाप लिहून ठेवले, वर पुढच्यांसाठी सूचना की रात्री मांजरं येतात तिथे पुस्तकं उघडी टाकू नका. ते पान आज जर्मनीतल्या कलोनच्या अभिलेखागारात आहे. इतका नेमका राग मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आणि फक्त मांजरंच नसतात, वटवाघळं पण असतात. पोर्तुगालमध्ये कोईंब्रा आणि माफ्रा इथल्या अठराव्या शतकातल्या लायब्रऱ्यांत वटवाघळं राहतात, रात्री बाहेर येऊन पुस्तकं खाणारे किडे गट्टम करतात. त्यांच्या विष्ठेपासून फर्निचर वाचावं म्हणून कोईंब्राला संध्याकाळी टेबलांवर कातडी आच्छादनं घालतात आणि सकाळी साफसफाई करतात. पगार नाही, रजा नाही, पेस्ट कंट्रोल चालू.

गोगलगायीशी लढणारा सरदार हा फोटोशॉप आहे ना?

नाही! आणि हा प्रश्न इतक्या वेळा येतो की जरा सविस्तरच सांगते, कारण खरं-खोटं कसं बघायचं हेही त्यातच येतं.

ते चित्र बहुतेकांना फॉरवर्ड म्हणून येतं, खाली काहीही लिहिलेलं नसतं, किंवा नुसतंच ‘मध्ययुगातले लोक वेडे होते’. मी पहिलं काय करते तर चित्र रिव्हर्स सर्चमध्ये (चित्रावरूनच चित्र शोधून देतो तो) टाकते आणि ते ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिथपर्यंत पोचेपर्यंत थांबत नाही. मधले दहा ठिकाणचे लेख सोडून द्यायचे, ते सगळे एकमेकांचं बघून लिहितात. एक गाजलेलं चित्र असं माग काढत गेलं की पोचतं ब्रिटिश लायब्ररीत, गॉर्ल्स्टन सॉल्टर नावाचं स्तोत्रांचं हस्तलिखित, इंग्लंडमधलं, 1310 ते 1324 च्या दरम्यानचं, क्रमांक ॲड एमएस 49622, पान 193 ची मागची बाजू. हे मिळालं की काम झालं. आता अख्खं पान बघता येतं, झूम करता येतं, आणि कळतं की मधे धार्मिक मजकूर आहे आणि समासात हा शूरवीर आणि ती गोगलगाय आपापलं भांडतायत.

बरं, हे एकच नाही. तेराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्या शतकापर्यंत अशा लढाया किती तरी हस्तलिखितांत आहेत, आणि बऱ्याचदा सरदार हरताना दिसतो, तलवार टाकून गुडघे टेकून बसलेला. का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लिलियन रँडल यांनी 1962 मध्ये यावर अख्खा शोधनिबंध लिहिला, त्यांच्या मते गोगलगाय म्हणजे लोंबार्ड लोकांची टिंगल, ज्यांना तेव्हा भित्रे आणि सावकारी करणारे म्हणून हिणवायचे. दुसरे म्हणतात गोगलगाय म्हणजे मृत्यू, तिसरे म्हणतात पुनरुत्थान. मला विचाराल तर बागेतल्या भाजीचा राग.

म्हणजे ऑथेंटिक आहे की नाही हे ओळखायचं कसं, एका ओळीत सांगा

एका ओळीत नाही येणार. पण मूळ वस्तू कुठे आहे, तिचा क्रमांक काय, तारीख काय, या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर मी यादीत घेत नाही, कितीही गोड असली तरी. आता तर एआयने केलेली ‘जुनी’ चित्रं धो धो येतायत आणि ती दिसायला अस्सलपेक्षा अस्सल असतात, पण त्यांना क्रमांक नसतो. कुठल्या खोक्यातून आलं विचारलं की गप्प.

लेखी माहितीचं प्रकरण याहून अवघड. 2008 मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने ब्राझीलमध्ये कोआटी नावाचा प्राणी बघितला आणि गंमत म्हणून विकिपीडियावर टाकलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ पण म्हणतात. असं कुणीही म्हणत नव्हतं. पण वर्तमानपत्रांनी ते विकिपीडियावरून उचललं, मग विकिपीडियावर त्या वर्तमानपत्रांचाच संदर्भ लागला, आणि आता झालाच की पुरावा! तसंच टोस्टरचं. 1893 साली अमुक एका स्कॉटिश माणसाने इलेक्ट्रिक टोस्टर शोधला असा लेख विकिपीडियावर 2012 पासून 2022 पर्यंत होता, फोटोसकट. माणूस बनावट, फोटो मुद्दाम जुना केलेला. कुणाच्या लक्षात आलं माहितीये? एका शाळकरी पोराच्या, त्याला फोटो बघून वाटलं की हे काहीतरी गडबड आहे. दहा वर्षं मोठी माणसं ते छापत होती.

मुलं शिकतात, फक्त दाखवून द्यावं लागतं. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट 1998 पासून आहे, ‘पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्री ऑक्टोपस’, नष्ट होत चाललाय, वाचवा म्हणून. सगळी थाप. कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली तर जवळपास सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता हसू नका, 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो विएहो गावाच्या कौन्सिलपुढे फोमच्या कपांवर बंदी घालायचा प्रस्ताव आला होता, कारण ते बनवताना ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ वापरतात म्हणे. म्हणजे पाणी. वेळेवर लक्षात आलं.

तुम्हाला खोटं इतकं खुपतं तर यादीत थापा पण का असतात?

थाप आणि फसवणूक यात फरक आहे, आणि थाप जर मन लावून मारलेली असेल तर माझा तिला सलाम आहे. इंटरनेट चालवणारे इंजिनीअर लोक त्यांचे नियम ज्या कागदपत्रांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात, वाचायला भयंकर कोरडे, पण 1 एप्रिलला ते अधूनमधून खोडी काढतात. 1 एप्रिल 1990 चा आरएफसी 1149 म्हणजे कबुतरांच्या पायाला डेटा बांधून इंटरनेट कसं चालवायचं त्याचे अधिकृत भाषेतले नियम. आणि 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या काही लिनक्सप्रेमींनी ते खरंच करून बघितलं! डेटाचे नऊ तुकडे (पॅकेट) पाठवले, चार उत्तरं परत आली, एकेका उत्तराला साधारण एक ते पावणेदोन तास. 1998 चा आरएफसी 2324 कॉफीच्या भांड्यांसाठी, त्यातलाच तो एरर 418, ‘मी चहाची किटली आहे’, म्हणून कॉफी करणार नाही. वाचताना बघा, विनोदाच्या आत व्याकरण इतकं चोख आहे की हसायला एक क्षण उशीर होतो.

आणि नकाशातलं गाव, अग्लो. 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्याचा नकाशा करणाऱ्या एका कंपनीने कुणी कॉपी केली तर पकडता यावं म्हणून कंपनीतल्याच दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांची खिचडी करून एक गाव मनानेच टाकलं, रस्त्याच्या एका फाट्यावर. पुढे दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर अग्लो दिसलं, यांना वाटलं चोर सापडला. तर ते म्हणाले, अहो तिथे खरंच अग्लो जनरल स्टोअर आहे, जाऊन बघा. दुकानदाराने नकाशावर नाव बघून दुकानाला तेच नाव दिलं होतं. खोटं गाव असं खरं झालं. दुकान पुढे बंद पडलं, नाव मात्र बरीच वर्षं नकाशांवर टिकून होतं.

जुन्या यादीतली लिंक उघडत नाहीये

माहितीये. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने 2024 मध्ये बघितलं तर 2013 मध्ये जी वेबपेजेस होती त्यातली 38 टक्के दहा वर्षांनी गायब. 2005 मध्ये ॲलेक्स ट्यू नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या खर्चासाठी एकाच पानावरचे दहा लाख पिक्सेल डॉलरला एक या भावाने विकले होते, ते ‘मिलियन डॉलर होमपेज’ अजून उघडतं, बघून घ्या, पण त्यातल्या जाहिरातींवर क्लिक केलंत तर कितीतरी ठिकाणी पलीकडे कुणीच नसतं. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने बनवलेली पानंच्या पानं 2009 मध्ये बंद झाली, काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढं जमलं तेवढं उतरवून ठेवलं म्हणून थोडंफार उरलं. फार काय, जगातली पहिली वेबसाइट, सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली 1991 ची, तिचीही अगदी सुरुवातीची प्रत कुणी ठेवली नाही. 2013 मध्ये सर्नने ती जुन्या पत्त्यावर परत उभी केली ती 1992 च्या प्रतीवरून.

करायचं काय तर मेलेली लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पेस्ट करायची, कॅलेंडर दिसेल, जुन्या तारखेवर क्लिक करायचं, बहुतेक वेळा पान मिळतं. जे आवडतं ते तुम्ही स्वतःही तिथे सेव्ह करू शकता, ‘सेव्ह पेज नाऊ’ म्हणून चौकोन आहे, फुकट आहे.

पण त्यावरही पूर्ण विसंबू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि स्कॅन केलेली हस्तलिखितं दीर्घकाळ दिसेनाशी झाली, पुढच्याच ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्हवर झाला. म्हणून मी यादीत लिंकशेजारी तो रटाळ क्रमांक लिहीत असते, ॲड एमएस अमुक तमुक. लोक म्हणतात हे कशाला मधे मधे. वेबसाइट बदलते, पत्ता बदलतो, वस्तू मात्र त्याच क्रमांकाने त्याच कपाटात असते, आणि वेबसाइट परत आली की त्याच क्रमांकाने ती सापडते.

लाइव्ह बघण्यासारखं काही?

माशांची डोअरबेल! नेदरलँड्समध्ये उट्रेख्त शहरात कालव्याला एक जुनं लॉक आहे, पाण्याचा दरवाजा. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या बाजूला निघतात पण तेव्हा बोटी कमी म्हणून दरवाजा बंदच असतो, मग मासे दारात खोळंबतात आणि पक्षी त्यांना टिपतात. 2021 पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. तुम्ही कुठूनही बघत बसायचं, मासा दिसला की बटण दाबायचं, फोटो तिकडे जातो, पुरेसे मासे जमले की लॉक उघडतात. तास तास नुसतं हिरवट गढूळ पाणी दिसतं आणि मग एकदम एक थोबाड. माझ्या ओळखीत याचं व्यसन लागलेले लोक आहेत.

या सगळ्याचा पूर्वज म्हणजे केंब्रिजमधलं कॉफीचं भांडं. 1991 मध्ये कॉम्प्युटर लॅबमधल्या लोकांनी कॉफी उरलीये का हे जागेवरून दिसावं म्हणून कॅमेरा लावला, 1993 मध्ये ते वेबवर आलं, 2001 मध्ये बंद केलं आणि भांडं ईबेवर 3,350 पौंडांना गेलं. कॉफी वाईट असायची म्हणे.

ही चित्रं मी वापरू शकतो का?

प्रत्येक चित्राखाली हक्कांची ओळ असते ती वाचा. ‘पब्लिक डोमेन’ किंवा ‘सीसी झीरो’ असेल तर खुशाल, मेट म्युझियम आणि स्मिथसोनियनने लाखो चित्रं अशी मोकळी केलीत. दुसरं काही लिहिलं असेल तर विचारून घ्या. वस्तू कुठली ते मात्र लिहाच, कायद्याने लागत नसलं तरी.

खरं सांगा, हा टाइमपासच आहे ना?

हो. म्हणजे बराचसा. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे आणि मी उघड उघड तो मोडते. पण गंमत म्हणून उघडलेल्या गोष्टी कधी कामाला येतात सांगता येत नाही. यादीत एकदा सुंदर हिरव्या कापडी बांधणीची एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं होती, सगळ्यांना रंग फार आवडला. त्या हिरव्यात आर्सेनिक असतं. अमेरिकेतलं विंटरथर म्युझियम आणि डेलावेअर विद्यापीठ 2019 पासून पॉयझन बुक प्रोजेक्ट नावाने अशा पुस्तकांची यादी करतायत, आणि त्या हिरव्याच्या छटा छापलेले बुकमार्कही देतात, पुस्तकाशेजारी धरून जुळवायला. जुळलं तर ग्लोव्हज घालायचे, पुस्तक झिपच्या पिशवीत ठेवायचं, आणि बोटाला थुंकी लावून पान तर अजिबात उलटायचं नाही. ते कुठल्याच पुस्तकाचं उलटू नका, पण ते वेगळं.

पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांचे किस्से सांगा ना

माझ्या वाचकांचे सांगणार नाही, ते गुपित. जॉर्ज वॉशिंग्टनचा सांगते. ऑक्टोबर 1789 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावावर न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीतून आंतरराष्ट्रीय कायद्यावरचं एक पुस्तक गेलं आणि आलंच नाही. पुढे लायब्ररीची जुनी नोंदवही स्कॅन करताना हे उघडकीला आलं, वॉशिंग्टनचं घर सांभाळणाऱ्या माउंट व्हर्ननच्या लोकांना फारच अवघडल्यासारखं झालं, त्यांनी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधून 2010 मध्ये आणून दिली. जवळपास 221 वर्षं. दंड साधारण तीन लाख डॉलर झाला असता असा हिशोब लोकांनी केला, लायब्ररीने तो घेतला नाही.

आणि पुस्तकात लोक काय विसरतात हे बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या ओकलंड पब्लिक लायब्ररीने परत आलेल्या पुस्तकांत सापडलेल्या चिठ्ठ्या, फोटो, वाणसामानाच्या याद्या, मुलांनी काढलेली चित्रं स्कॅन करून ठेवलीत. नावं-गावं माहीत नाहीत, कोण कुणाला लिहितंय पत्ता नाही, आणि तरी एकदा बसलं की उठवत नाही.

वॉयनिच हस्तलिखित कुणी वाचलं का शेवटी?

नाही. अनोळखी लिपीत लिहिलेल्या या पुस्तकाची सगळी पानं येल विद्यापीठाने मोफत ठेवलीत, चर्मपत्र 1404 ते 1438 मधलं आहे हे कार्बन डेटिंगने कळलंय, मजकूर कुणालाच लागलेला नाही. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी उलगडलं म्हणून बातमी येते. मला पाठवू नका.

मला काही भारी सापडलं तर पाठवू का?

पाठवा, वाटच बघत असते. फक्त स्क्रीनशॉट नको, त्यात चित्राच्या खालची नेमकी ती ओळ कापलेली असते जी मला हवी असते. लिंक द्या, लिंक नसेल तर कुठल्या संस्थेचं ते लिहा, तेही नसेल तर निदान तुम्हाला कुणी पाठवलं ते सांगा म्हणजे मी त्यांना गाठते. आणि सोबत ‘हे बघाच!!!’ एवढंच लिहून सोडू नका, तुम्हाला त्यात काय आवडलं ते दोन शब्दांत कळवा, कारण बऱ्याचदा तुम्ही पाठवलेलं असतं एका गोष्टीसाठी आणि मी हसत असते कोपऱ्यातल्या दुसऱ्याच कशाला तरी.